वादळात कुणाच्या घरी

बियाण्याच्या खोपीचं झापड बाजूला सारून लेसोंगी आत वाकली आणि तशीच थांबली. मांडवावर ओळीनं निजवलेल्या कोनफळांना कोंब फुटले होते, आणि नुसते फुटून थांबले नव्हते. कुठं बोटभर, कुठं वीतभर वाढून, एकमेकांत गुंतून ते फटीतल्या उजेडाकडं निघाले होते. तिनं हलक्या हातानं एक कोनफळ उचललं, तर शेजारच्याचा कोंब कट्कन मोडला. तिनं जीभ चावली.

"किती वाढलेत?" पलीकडच्या झोपडीतून नवऱ्यानं विचारलं.

"आहेत थोडे."

"थोडे म्हणजे?"

"थोडे म्हणजे थोडे. तू पडून राहा."

तारिवेर चुलीच्या झोपडीत चटईवर पडून होता. मुलानं, सायलसनं, ऑस्ट्रेलियातून पाठवलेल्या पैशांनी घरावर नवे पत्रे आले होते. वादळाचा मोसम यायच्या आत ते तारेनं आवळून घ्यावेत म्हणून म्हातारा सकाळच्या दवात वर चढला आणि पत्र्यासारखाच सर्रकन खाली आला. नर्सनं कंबर दाबली, पाय फिरवून बघितला, म्हणाली, हाड शाबूत आहे, पण आत सगळं ठेचलंय. उठलास तर जन्माचा लंगडशील. तेव्हापासून तो आढ्याकडं बघत पडायचा आणि घरातल्या प्रत्येक आवाजाचा हिशेब विचारायचा.

तोंगोआ बेटावर आग्नेयेचा गार वारा पडत आला की कोनफळ मातीत गेलं पाहिजे. मागं राहिलं तर वेल ऐन उन्हात कोवळा सापडतो आणि जळतो. शेजारच्यांची रानं फोडून झाली होती. लेसोंगीचं रान मात्र अजून बोरूच्या गवताखाली होतं. घरात हात चारच, तिचे दोन आणि सून विनीचे दोन, त्यातही विनीच्या एका कडेवर कायम तान्ही पोर.

गडी मिळण्याची सोय नव्हती. गावातले निम्म्याहून जास्त धट्टेकट्टे पुरुष सायलसबरोबर टोमॅटो तोडायला गेले होते. सायलस तिथं मुकादम होता. शेताच्या मालकानं त्याला सांगितलं होतं, तुझ्या गावातले भरवशाचे गडी तूच निवडून आण. त्यानं निवडून नेले, आणि सख्ख्या चुलतभावाला, आमोसला, मागं ठेवलं. आमोस एका नाताळात पिऊन चर्चच्या पायरीवर गाणी म्हणत बसला होता. मालकाचा नियम कडक होता. एक जण पिताना सापडला तर सगळी टोळी घरी.

आमोसचा बाप कालोरीब, म्हणजे तारिवेरचा थोरला भाऊ, त्या वेळी अंगणात येऊन उभा राहिला होता. बसला नव्हता. "माझ्या पोराचं काय?" एवढंच त्यानं विचारलं.

तारिवेर म्हणाला, "मुकादम पोरगा आहे. मी नाही."

कालोरीब मागं फिरला, तो पुन्हा त्या अंगणात आला नाही. दोन्ही घरांमधल्या कुंपणात जायला यायला ठेवलेली वाट होती. एके सकाळी तिथं काटेरी डहाळ्या दिसल्या. त्यांच्या बायकांचं, लेसोंगीचं आणि नाओमीचं, भांडण काहीच नव्हतं. पण नवऱ्यांचं होतं म्हणून त्याही पाण्याच्या टाकीवर एकमेकींकडं पाठ करून बादल्या भरायच्या.

*

अशा दिवसांत प्रश्नबाई आली.

तिचं खरं नाव रोझलीन. मूळची मालेकुला बेटाची, पोर्ट विलाच्या विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवणारी, उंच, हसरी, रबरी चपलांनी पायाला फोड आलेली. ज्या गावांतून माणसं परदेशी मजुरीला जातात, त्या गावांत मदत कुठून कुठं फिरते, ते तिला बघायचं होतं. घरोघरी बसून ती प्रश्न विचारायची, आणि प्रश्न असे की ऐकून पोरंसुद्धा हसायची. मीठ संपलं तर कुणाच्या चुलीशी जाता? कोयता कुणाचा आणता? कावा प्यायला कुणाशेजारी बसता?

ती लेसोंगीकडं आली तेव्हा लेसोंगी पानात गुंडाळून दगडांवर भाजायच्या लापलापसाठी कोनफळ किसत होती. विनी नारळ खवत होती. दगड चुलीत तापत होते आणि तारिवेर भिंतीकडं तोंड करून झोपल्याचं सोंग घेऊन पडला होता.

"बस," लेसोंगी म्हणाली. "पण माझे हात थांबायचे नाहीत."

"हात कशाला? तोंड चालू दे म्हणजे झालं."

मीठ, कोयता, आजारी पोर, सगळी उत्तरं भराभर झाली. रोझलीननं पान उलटलं आणि म्हणाली, "समजा वादळ आलं आणि घर पडलं. पोरांना घेऊन कुणाच्या घरी जाल?"

"नाओमीच्या," लेसोंगी म्हणाली.

किसणीवरचा हात पुढं गेला आणि तिथंच राहिला. विनीचा नारळही थांबला. तारिवेरचं घोरणं एकदम बंद पडलं.

रोझलीनला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिनं लिहून घेतलं, गोड हसली, उरलेलं विचारलं आणि गरम लापलापचा तुकडा केळीच्या पानात घेऊन गेली.

ती कुंपणापलीकडं गेली न गेली तोच तारिवेर कोपरावर उठला. "काय बोललीस?"

"तिनं विचारलं, मी बोलले."

"विचार करून बोलावं माणसानं."

"वादळात विचार करायला कुठं सवड असते?"

"ज्याच्या पोराला आपण नेलं नाही, त्याच्या दारात उभी राहणार? पोरं घेऊन? हसतील ते!"

"हसू देत. कोरड्यात उभं राहून ऐकीन."

विनीनं पदर नव्हता म्हणून पोरीच्या पोटात तोंड खुपसून हसू दाबलं. त्यानं म्हातारा आणखी भडकला. "बदलून ये! आत्ताच्या आत्ता. सगळ्या गावात वाचून दाखवील ती बाई."

"दाखवत नाही म्हणाली."

"म्हणतात सगळे."

*

दुसऱ्या दिवशी लेसोंगी खरंच गेली. पाळकाच्या घरामागं पाहुण्यांची खोली होती, तिथं रोझलीन चादर धूत होती. एकटीला पिळता येईना. लेसोंगीनं न विचारता दुसरं टोक धरलं.

"कालचं एक उत्तर बदलायचंय," चादरीला पीळ देत ती म्हणाली.

"बदल की. कुठलं?"

"वादळाचं."

"बरं. कुणाचं नाव लिहू?"

चादरीतून पाणी गळत राहिलं. लेसोंगीनं गाव डोळ्यांपुढं आणलं. "पाळकाचं… नको. त्याची बायको आधी पाय पुसायला लावील, मग नातवंडांचे पाय पुसायला लावील, तोवर वादळ संपेल."

रोझलीन हसली. "मग?"

"माझा भाऊ आहे पलीकडच्या गावात. पण त्याचंच छप्पर सगळ्यांत आधी उडतं. दर खेपेला तोच कुणाच्या तरी घरी असतो."

"मग?"

लेसोंगीनं आपलं टोक तिच्या हातात दिलं. "मग काय. राहू दे आहे तेच."

वाटेत तिला वाटलं, घरी जाऊन खोटं सांगावं, बदललं म्हणून. पण तारिवेरनं तिच्या तोंडाकडं बघूनच ओळखलं आणि भिंतीकडं वळला. संध्याकाळी त्यानं तिनं दिलेलं सूप प्यायलं नाही. विनीनं दिलेलं प्यायलं. दोन्ही एकाच भांड्यातलं होतं.

*

सासू-सुना रानात गेल्या. पोरीला आंब्याच्या सावलीत टोपलीत ठेवलं आणि दोघींनी बोरू कापायला घेतला. पातं हाताला चिरत जायचं. कापून झालं की पहार. काळी माती वरून भुसभुशीत दिसते, पण पावसावाचून आत अशी बसली होती की पहार मारली की मनगटापासून दातांपर्यंत झिणझिण्या यायच्या. कोनफळाला खोल मोकळी जागा लागते; खड्डा हात बुडेल एवढा, मग माती चाळून, ढेकळं फोडून पुन्हा भरायची आणि वर उंचवटा करायचा. विनीच्या तळव्यांना फोड आले, फुटले. ती त्यावर थुंकली आणि पुन्हा पहार धरली.

"तुमच्या मुलाला सांगा," ती धापा टाकत म्हणाली, "पुढच्या वेळी पत्रे नको म्हणावं. दोन नवरे पाठव."

"एक आहे तोच जड जातोय तुला."

"तो तिकडं आहे म्हणून हलका आहे."

हसता हसता लेसोंगीच्या पाठीत चमक भरली आणि ती मातीतच बसली.

मदत मागून झाली होती. चर्चच्या तरुण मंडळींना विचारलं, ती पाळकाचं रान लावत होती. टाकीवर एकीला विचारलं, तर ती बादली उचलता उचलता म्हणाली, "तुझ्याकडं पत्र्याचं घर आहे बाई. पत्र्यालाच पाठव ना खणायला." बाकीच्या हसल्या. लेसोंगीही हसली, कारण न हसून चाललं नसतं. घरी येईपर्यंत कान तापून राहिले.

तारिवेरला हे सगळं कळत होतं. पडल्या पडल्या तो रोज विचारायचा, किती झालं. आणि रोज त्याला कळायचं की कालच्याहून फारसं पुढं नाही. एका दुपारी दोघी रानात असताना खालून पायवाटेनं तो येताना दिसला. हातात काठी, तोंड घामानं चकाकत होतं, एक पाय फरफटत होता.

"वेडा झालाय!" लेसोंगी ओरडली. "तिथंच थांब!"

"एक ओळ करतो. बसून करतो."

त्यानं पहार उचलली, नेम धरला, मारली. पहार मातीत गेली आणि तो तिच्याबरोबर. आडवा पडला तेव्हा तोंडातून आवाजसुद्धा आला नाही, नुसते ओठ पांढरे पडले. दोघींनी उचलून बघितलं. तारिवेर तरुणपणी गावातला सगळ्यांत वजनदार माणूस होता, आणि त्यातलं फारसं काही कमी झालेलं नव्हतं. अर्धा उठला आणि परत खाली गेला.

"मरू द्या मला इथं," तो म्हणाला.

"मरायचं तर घरी मर. इथं कोनफळ लावायचंय."

पलीकडच्या रानाच्या कडेला कुणीतरी उभं होतं. नाओमी. कमरेवर हात, डोक्याला फडकं. तिनं पडलेल्या तारिवेरकडं एकदा बघितलं. मग आपल्या रानात गेली, आणि परत आली ती माती वाहायची एकचाकी ढकलगाडी घेऊन, दगडांवरून आदळत.

"घाला त्याला यात," ती म्हणाली.

"मी गाडीत बसणार नाही," तारिवेर म्हणाला.

"बसू नकोस. पड."

तिघींनी त्याला गाडीत कोंबला. पाय पुढं लोंबत होते, डोकं मागं हँडलांच्या मध्ये. नाओमी आणि लेसोंगीनं एकेक हँडल धरलं. विनी पोरीला घेऊन पुढं, वाटेतले दगड पायानं बाजूला करत. उतारावर गाडी पळायला लागली तेव्हा तारिवेर ओरडला, "हळू! अगं हळू! मी काय नारळ आहे?"

"नारळ असतास तर विकून तरी आलो असतो," नाओमी म्हणाली.

लेसोंगीला हसू फुटलं आणि हँडल हातातून निसटलं. मग नाओमीलाही. गाडी वाकडी होऊन थांबली, आणि दोघी जणी वाटेत उभ्या राहून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या, मध्ये म्हातारा शिव्या देत पडलेला.

वाट नाकामालवरून, पुरुषांच्या बैठकीच्या झोपडीवरून, जात होती. पुरुष कावाची मुळं कुटायला बसले होते. गाडी दिसल्यावर मुसळं थांबली. कुणीतरी विचारलं, "काय भाव लावलाय?" आणि हशा झाला. तारिवेरनं डोळे मिटून घेतले. आत, खांबाला टेकून, कालोरीब बसला होता. तो हसला नाही. आपल्या बायकोच्या हाताकडं, त्या हाताशेजारच्या लेसोंगीच्या हाताकडं त्यानं बघितलं आणि करवंटीतलं एका घोटात पिऊन टाकलं.

घरी गाडी रिकामी करून झाल्यावर नाओमी दारातच थांबली.

"आत ये ताई," लेसोंगी म्हणाली. "चहा टाकते."

"नको. तो बघत असेल." तिनं कुंपणाकडं मान हलवली. मग हलकेच म्हणाली, "त्याच्या पाठीला तेल लाव. माझ्याकडचं संपलंय, नाहीतर दिलं असतं." आणि रिकामी गाडी खडखडत निघून गेली.

*

रविवारी प्रार्थना झाल्यावर रोझलीननं सगळ्यांना शाळेत बोलावलं. आपण काय बघितलं ते गावाला सांगून जायचं, असा तिचा नेम होता. तारिवेर सोडून सगळे आले. फळ्यावर तिनं खडूनं गोळे काढले होते, आणि गोळ्यागोळ्यांमध्ये बाणाच्या रेघा.

"प्रत्येक गोळा म्हणजे एक घर," ती म्हणाली. "नावं लिहिलेली नाहीत. कुणाची उत्तरं कुणाला कळणार नाहीत. रेघ म्हणजे, अडचणीत हे घर त्या घराकडं जातं."

सगळ्यांनी माना पुढं काढल्या. मग मागून एक म्हातारी म्हणाली, "तो मधला, सगळ्या रेघा ज्याच्याकडं जातात, तो पाळक."

"आणि त्याच्याकडून एकही बाहेर जात नाही," दुसरी म्हणाली. "पाळकच."

"तो कोपऱ्यातला टोनी सुताराचा. त्याच्याकडं सगळे कोयत्यालाच जातात."

"अहो, नावं सांगायची नाहीत!" रोझलीन गडबडून गेली.

"तू नको सांगू बाळ. आम्ही सांगतो."

शाळा हसण्यानं भरली. रोझलीननं डोक्याला हात लावला, मग तीही हसली. गावप्रमुखानं काठी आपटली तेव्हा कुठं ती पुढं बोलू शकली. "एवढंच बघा," ती म्हणाली, "ज्या घरांतली मुलं बाहेर कामाला गेली, त्या घरांत पत्रे आले, सौरदिवे आले. पण त्यांच्याकडं जाणाऱ्या आणि त्यांच्याकडून निघणाऱ्या रेघा कमी झाल्या. म्हणजे लोक त्यांच्यापाशी मागायला लाजतात, आणि तेही मागायला लाजतात. हे चूक का बरोबर, ते मी सांगत नाही. मला जे दिसलं, ते सांगितलं."

टाकीवर पत्र्याचं बोललेली बाई पायाच्या बोटांकडं बघायला लागली.

कालोरीब उठला. फळ्याजवळ गेला. उंच माणूस, केस पांढरे, बोटं मातीनं कायमची काळी. खालच्या अंगाला एकमेकांना जवळजवळ चिकटून दोन गोळे होते. त्यांच्यामध्ये एकच रेघ होती, एका बाजूनं निघालेली. दुसऱ्या बाजूनं परत काही नव्हतं.

"ही दोन घरं मला ठाऊक आहेत," तो म्हणाला. "यांच्यात रेघ नाही. ही चुकून पडली."

"चुकून नाही," रोझलीन म्हणाली.

"मग कुणी काढली?"

"ते मी सांगू शकत नाही. खरंच नाही."

"मी," लेसोंगी म्हणाली.

ती उठून उभी राहिली होती. तिनं पुढच्या बाकाची पाठ धरली होती. विनी खालून तिच्या झग्याचं टोक ओढत होती, पण आता बसणं शक्य नव्हतं.

"मला विचारलं, वादळात पोरं घेऊन कुणाकडं जाशील. मी ताईचं नाव घेतलं. मागाहून बदलायला गेले होते. दुसरं नाव तोंडात आलं नाही." तिनं विनीच्या हातातून झगा सोडवून घेतला. "आमोसला नेलं नाही, ते वाईट झालं. मला तेव्हाही वाईट वाटलं होतं. मी बोलायला हवं होतं, बोलले नाही. आता तुम्ही आम्हाला दारात उभं करणार नसाल तर तो तुमचा प्रश्न, भावजी. मी तरी तिथंच येणार."

बाहेर वाऱ्यानं कुठलं तरी झापड आपटलं. कालोरीब फळ्याकडंच तोंड करून उभा होता.

"दारात कशाला?" बायकांच्या बाजूनं नाओमीचा आवाज आला. "चुलीपाशी बसवीन. दारात गळतं आमच्या."

कुठून तरी फुस्सकन हसू आलं. कालोरीबनं वळून बायकोकडं बघितलं, मग लेसोंगीकडं. खडू उचलून काही काढेल की काय असं सगळ्यांना वाटलं. पण त्यानं नुसतं नाक शिंकरलं आणि सगळ्यांच्या मधून बाहेर निघून गेला. आमोस दाराजवळ उभा होता. बापाला वाट द्यायला तो बाजूला सरला आणि खाली मान घालून उभाच राहिला.

घरी लेसोंगीनं सगळं सांगितलं. तारिवेर ऐकत राहिला. ती ओरड्याची वाट बघत होती. शेवटी त्यानं विचारलं, "सगळ्यांसमोर बोललीस?"

"हो."

"उभी राहून?"

"हो."

त्यानं आढ्याकडं बघितलं. "बोललीस ते चांगलं केलंस," तो म्हणाला. "मला जमलं नसतं." आणि सूप मागितलं, तिच्या हातचं.

*

सकाळी कुंपणाच्या डहाळ्या मोडल्याचा आवाज आला. लेसोंगी बाहेर धावली. आमोस काटे हातानं बाजूला करत होता, खांद्यावर पहार. त्याच्यामागं कालोरीब, त्याच्यामागं नाओमी ढकलगाडी घेऊन.

"वेळ थोडा आहे," कालोरीब तिच्याकडं न बघता म्हणाला. "बियाणं काढ बाहेर." मग चुलीच्या झोपडीच्या दाराशी जाऊन आत ओरडला, "गाडी आलीय. बसणार आहेस का तिथंच पडून राहणार?"

आत चटई करकरली. मग तारिवेरचा आवाज आला. "खाली चटई टाका. मागच्या वेळी कंबर शेकून निघाली."

रानात त्याला आंब्याखाली नातीच्या टोपलीशेजारी ठेवला. आमोसनं अंगातला शर्ट काढला आणि पहार मारली. दोन बायकांना जे ढेकूळ हलत नव्हतं ते आवाज करून फुटलं. तो बोलत नव्हता, थांबत नव्हता. पाठीवरून घाम वाहून चड्डीच्या नाडीत मुरत होता. विनीनं नारळाचं पाणी दिलं, ते त्यानं उभ्याउभ्या घेतलं आणि करवंटी परत देताना पहिल्यांदा बोलला. "तुझे हात दाखव." तिनं दाखवले. "पहार खालून धरतेस. वरून धर. फोड येत नाहीत." आणि परत ओळीला लागला.

कालोरीब बियाणं बसवत होता, कोंब वर करून, तान्ह्या पोराला निजवावं तसं.

"खोल जाऊ दे," आंब्याखालून तारिवेर म्हणाला.

"किती खोल ते मला माहिती आहे."

"बाबा कोपरापर्यंत घालायचे."

"बाबांचं कोपर तुझ्याएवढं जाड नव्हतं."

"मागं तू वर लावलंस आणि उंदरांनी खाल्लं."

"उंदरांनी तुझं खाल्लं! माझं डुकरांनी खाल्लं!"

दोघं भाऊ इतक्या दिवसांत एवढं बोलले नव्हते. लेसोंगी आणि नाओमी शेजारी बसून माती चाळत होत्या. एकमेकींकडं न बघताच दोघींना कळत होतं की मध्ये पडायचं नाही.

जेवणाची वेळ झाली तेव्हा विनीचा फोन वाजला. गावात फोन लागतो तो टेकडीवरच्या या रानातच. सायलस होता. तिनं सगळ्यांना ऐकू यावं म्हणून आवाज मोठा केला.

"आवाज कसला येतोय?" तो विचारत होता. "बाबा कुणाला ओरडताहेत?"

"मोठ्या काकांना," विनी म्हणाली.

तिकडं कुणीतरी यंत्र चालू केलं, बंद केलं.

"काका तिथं आहेत? आपल्या रानात?"

"सगळे आहेत. आमोस खणतोय."

तिकडं तो खाकरला. मग, "त्याच्याकडं दे."

आमोसनं मातीचा हात मांडीवर पुसला आणि फोन घेतला. आवाज लहान करून कानाला लावला. "हां," तो म्हणाला. "हां… माती बरी आहे. कोरडी आहे… नाही, कुणी बोलावलं नाही. आलो." बराच वेळ ऐकत राहिला. मग फोन कानापासून दूर धरून सगळ्यांकडं बघितलं. "पुढच्या खेपेला मालकाशी माझ्याबद्दल बोलतो म्हणतोय. शब्द देतो म्हणतोय."

नाओमीचे हात मातीत थांबले. लेसोंगीनं तारिवेरकडं बघितलं; तो नातीच्या टोपलीवरची माशी हाकलत होता, नसलेली. आमोस बापाच्या तोंडाकडं बघत उभा होता. एवढ्या मोठ्या माणसाचा चेहरा एकदम उघडा पडला होता.

कालोरीब हळूहळू सरळ झाला, कमरेला हात लावत. "जा की," तो म्हणाला. "जा. तुझी पाळी आहे." त्यानं रानाकडं नजर फिरवली, फोडलेल्या ओळी, न फोडलेलं गवत. "पण मग पुढच्या साली ही माती कोण फोडणार, तेवढं विचार त्याला."

आमोसनं फोन कानाला लावला. "बाबा विचारतायत, पुढच्या साली माती कोण फोडणार." ऐकत राहिला. ऐकतच राहिला.

"काय म्हणतोय?" लेसोंगीनं विचारलं.

"काही नाही म्हणत. रडतोय बहुतेक. नाहीतर वारा असेल."

"वारा असेल," तारिवेर म्हणाला. "तिकडं वारा फार असतो." आणि त्यानं तोंड फिरवून आंब्याच्या बुंध्याकडं केलं.

कालोरीब दोन ओळी ओलांडून आला आणि भावाशेजारी धपकन खाली बसला. "आम्ही दोघं फोडू," तो म्हणाला. "तोवर याची कंबर बरी होईल. हा खणेल, मी सांगीन."

"मी खणीन?" तारिवेर एकदम वळला. "आणि तू सांगणार? का, सांगायला मी काय लहान आहे?"

"आहेसच लहान."

"लहान म्हणून जन्मभर खणलं मी!"

"खणलं म्हणे. बाबांना विचार."

"बाबांना आता कुठून विचारू?"

आमोस फोनवर हलक्या आवाजात काहीतरी सांगत टेकडीच्या टोकाला निघून गेला होता, विनी पोरीला पाजायला बसली होती. नाओमीनं हातांची माती झटकली.

"चल," ती लेसोंगीला म्हणाली. "यांचं आता संध्याकाळपर्यंत चालेल."

दोघींनी पहारी उचलल्या आणि पुढची ओळ धरली.